पालिकेच्या शाळेत एआय आणायचंय? आधी शिक्षकाच्या फोनपासून सुरू करा

मी ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात पालिकेच्या मराठी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात चाळीसच्या वर मुलं, बहुतेकांचे आईवडील जालना, बुलढाणा, वाशिमकडून आलेले, कुणी नाक्यावर काम शोधतं, कुणाची भाजीची गाडी. आमच्याकडे एआय कसं आणायचं हे मैत्रिणी सारखं विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितेय.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की मुलांच्या हातात काहीही द्यायची गरज नाही. टॅब नको, लॅब नको. तुमचा फोन, फुकटातलं कुठलंही चॅटबॉट (आपण टाइप केलं की उत्तर लिहून देणारं एआय) आणि शाळेचं झेरॉक्स मशीन एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात आणि खरा फायदा तिथेच आहे, कारण आपला वेळ जातो तो सरावपत्रिका बनवण्यात.

बॉटला नुसतं "तिसरीसाठी वजाबाकीची उदाहरणं दे" म्हणू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं तर राहुलने सुपरमार्केटमधून 45 सफरचंदे खरेदी केली असलं काहीतरी आलं. आता मी असं टाकते: मी मराठी माध्यमाच्या तिसरीला शिकवते, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, 8 उदाहरणं, एका वाक्यात सात-आठ शब्दच, भाजी बाजार आणि बसस्टॉपवरचे प्रसंग घे, उत्तरं वेगळी दे. मग येतं, आईने मेथीच्या 52 जुड्या आणल्या, 27 विकल्या, किती उरल्या? हे माझ्या मुलांना डोळ्यासमोर दिसतं, त्यातली दोघं तर संध्याकाळी गाडीवर हेच करतात.

पण आलेलं तसंच छापायचं नाही हं. त्याच पत्रिकेत रीत समजावताना बॉटने लिहिलं होतं "शेजारच्या अंकाकडून 10 उधार घ्या". मी घाईत छापलं आणि एका मुलीने विचारलं, बाई परत कधी द्यायचे? तिच्या घरी उधार म्हणजे वाण्याच्या वहीत लिहिलेलं, आणि ते फेडायचंच असतं. आपण वर्गात दशक सुटा करतो, उधार नाही घेत. तेव्हापासून बालभारतीचं पुस्तक शेजारी उघडं ठेवूनच वाचते, शब्द पुस्तकातलाच हवा. हिंदी वळणाचं मराठी पण खूप येतं, "गतिविधी" वगैरे, ते "उपक्रम" करून घ्या, आणि उत्तरं स्वतः सोडवून बघा, प्रत्येक वेळी.

वाचनासाठी तर मला हे फारच उपयोगी वाटतं. केंद्र सरकारच्या निपुण भारत या मोहिमेचं लक्ष्य आहे की 2026-27 पर्यंत प्रत्येक मूल तिसरी संपेपर्यंत वाचायला आणि साधं गणित करायला शिकलं पाहिजे, पण माझ्या वर्गात कुणी अजून अक्षरावर अडलंय, कुणी शब्द वाचतं, कुणी अख्खा उतारा. मी एकच गोष्ट, समजा खाडीतल्या फ्लेमिंगोंची, तीन पातळ्यांवर लिहून घेते. पहिल्या गटाला जोडाक्षर नसलेले शब्द, दुसऱ्याला छोटी वाक्यं, तिसऱ्याला दहा ओळींचा उतारा. जोडाक्षर नको सांगितलं तरी एखादं घुसतंच, ते पेनाने काढा. तिन्ही गट एकाच पक्ष्याबद्दल वाचतात त्यामुळे नंतर गप्पा एकत्र मारता येतात, मागे राहिलेलं मूल पण हात वर करतं. हे हाताने करायला मला दीड तास लागायचा, आता तपासणी धरून वीस-पंचवीस मिनिटं.

आता मोठ्या वर्गांचं. युनेस्कोने 2023 च्या मार्गदर्शनात वर्गात असली साधनं मुलांनी स्वतः वापरायला निदान 13 वर्षांची अट सुचवलीय, म्हणजे प्राथमिकच्या मुलांची अकाउंटं उघडूच नका. सातवी-आठवीला वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांनी मिळून वापरा, टाइप शिक्षकाने करायचं आणि चूक मुलांनी पकडायची. आमच्या सातवीच्या सरांनी भारतातली पहिली प्रवासी रेल्वे विचारली, तर तारीख बरोबर आली, 16 एप्रिल 1853, पण गाडी बोरीबंदरहून कल्याणला गेली असं लिहून आलं. मुलं ओरडली, सर ठाणे! मग पुस्तक काढून खात्री केली की 34 किलोमीटर, ठाण्यापर्यंतच, कल्याणला रेल्वे पोचली 1854 ला. त्या दिवसापासून ती मुलं प्रत्येक उत्तराला "कशावरून" विचारतात, आणि मला वाटतं एआय शिकवायचं ते हेच.

एक गोष्ट अजिबात करू नका, कितीही घाई असली तरी. प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी लिहायची वेळ आली की अख्खी वर्गयादी बॉटमध्ये टाकायचा मोह होतो. नाव, आधार, आजारपण, घरची परिस्थिती, फोटो, काहीही टाकायचं नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, आणि कायदा बाजूला ठेवा, त्या आईने आपल्याला विश्वासाने सांगितलेलं असतं की वडील पितात म्हणून. "एक मुलगा, वाचन चांगलं, गुणाकारात अडतो" एवढ्यावर नोंदीचा कच्चा मजकूर मिळतो, नाव वहीत आपण लिहायचं.

शाळेत एआय स्मार्ट क्लास विकायला कुणी आलं तर मुख्याध्यापकांना सांगा, चार प्रश्न विचारा: नेट गेल्यावर चालतं का, मजकूर आपल्या पुस्तकाला धरून आहे का, चुकलं तर शिक्षकाला बदलता येतं का, मुलांची माहिती कुठे जाते. उत्तर गोलमोल आलं तर पैसे पंख्यांना आणि टॉयलेटच्या दुरुस्तीला वापरा.

आणि पालक सभेत पत्रिका हातात देऊन दाखवा, नाहीतर "बाई पण मोबाईलच बघतात" असा समज होतो. मी मेथीच्या जुड्यांची पत्रिका दिली तेव्हा भाजीवाल्या आईने ती तिथेच बसून मुलाकडून सोडवून घेतली, मेथीचा भाव तिनेच सांगितला, आणि पुढच्या पत्रिकेसाठी कोथिंबिरीचा पण.