घरासाठी सुरक्षा यंत्रणा निवडताना या चुका टाळा

सीसीटीव्हीच्या दुकानात शिरताच "किती कॅमेरे बसवायचे?" असे विचारले जाते, आणि आपण लगेच आकडा सांगून मोकळे होतो. घरात कोठून शिरता येईल, हे त्याआधी पाहायला हवे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतीत बाराव्या मजल्यावर राहणाऱ्याला बहुधा एका मुख्य दाराचीच काळजी करावी लागते. नेरूळ किंवा वाशीतील सिडकोच्या बैठ्या घरात मात्र मागचे दार, गच्चीचा जिना आणि न्हाणीघराच्या खिडकीतील सरकवून काढता येणाऱ्या काचेच्या पट्ट्या, अशा तीन जागा एकाच वेळी उघड्या असतात. दार नुसते ओढून घेतले की नाइट लॅचची केवळ स्प्रिंगवरची जीभ अडकते आणि ती पहारीपुढे फार काळ टिकत नाही. म्हणून बाहेर पडताना किल्ली फिरवून आतला दांडा पूर्ण बसवावा लागतो, आणि तशी सोय नसलेले कुलूप बदलण्याचा खर्च चौथ्या कॅमेऱ्याच्या आधी करावा, असे माझे मत आहे. कॅमेरा चोर दाखवतो, त्याला अडवत नाही.

रात्रीचे चित्र न पाहताच पूर्ण पैसे देणे, ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्याकडे कॅमेरा बसवणाऱ्याने तो मुख्य दार आणि जाळीचे सेफ्टी डोअर यांच्यामधल्या जागेत लावला. दिवसा चित्र उत्तम होते, परंतु रात्री लॉबीचा दिवा बंद होताच पडद्यावर जाळीच्या पांढऱ्याफटक चौकटी तेवढ्या उरल्या आणि पलीकडे काळोख पसरला. कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा प्रकाश जवळच्या जाळीवरून परत येतो, त्या झगमगाटाला जुळवून घेताना कॅमेरा संपूर्ण चित्र अंधारतो आणि दूरचा माणूस दिसेनासा होतो. काचेमागे किंवा पांढऱ्या भिंतीला चिकटून लावलेल्या कॅमेऱ्याचेही हेच होते. कॅमेरा जाळीच्या बाहेर, सोसायटीच्या परवानगीने आणि शेजाऱ्यांचे दार चित्रात येणार नाही अशा बेताने लावल्यावर प्रश्न सुटला.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर भाळण्यापेक्षा भिंगाकडे पाहावे. २.८ मिलिमीटरच्या भिंगात संपूर्ण लॉबी सामावते, पण वीस फुटांवरचा चेहरा बारीक दिसतो. लांबट व्हरांड्यासाठी ४ किंवा ६ मिलिमीटरचे भिंग बरे. लॉबीच्या टोकाला उघडी खिडकी असेल, तर येणारा माणूस काळी सावली होऊन येतो. तेथे डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळून घेण्याची सोय, असलेलाच कॅमेरा घ्यावा. अगदी छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोपीच तेवढी दिसते, म्हणून सात-आठ फुटांची उंची पुरेशी आहे.

साठवणुकीचा हिशेब फारसे कोणी करत नाही. दर सेकंदाला २ मेगाबिट या दराने सतत चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा घेतो. असे चार कॅमेरे असले की १ टीबीची हार्ड डिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवे चित्रण चढू लागते. गणपतीला दोन आठवडे कोकणात जाणाऱ्या कुटुंबाला परतल्यावर पहिल्या दोन दिवसांचे काहीच मिळणार नाही. त्यांनी २ टीबीची डिस्क घ्यावी, तीही सतत चित्रणासाठी बनवलेली. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, टीव्हीखाली मांडून ठेवू नये, कारण चोर जाताना तोही उचलून नेतो. हवा खेळती असलेला माळा ही त्याची योग्य जागा.

वीज गेली की कॅमेरा, डीव्हीआर आणि राउटर हे तिन्ही चालू राहतात का, हे मेन स्विच बंद करूनच तपासावे. पुष्कळ घरांत इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे असतात, राउटर मात्र नसतो, आणि मग मोबाइलवर येणारी सूचना नेमकी अंधारातच थांबते. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या आवरणाला धूळ-पाणी रोखण्याचे आयपी ६६ मानांकन असूनही बिघाड होतो, कारण पाणी कॅमेऱ्यात नव्हे तर बाहेर लोंबणाऱ्या वायरच्या जोडात शिरते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तर असे जोड झपाट्याने गंजतात. ते बंद डबीत घ्यावेत.

बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच्यासमोरच बदलावा. कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने ताब्यात घेऊन मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले होते. आपल्याकडेही एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणीचे नियम कडक झाले आहेत, तेव्हा स्वस्तातला जुना साठा घेताना बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.

डीव्हीआरचे घड्याळ दर महिन्याला पाहावे. आतला बटणासारखा सेल संपला की वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि चुकीच्या तारखेचे चित्रण तेथे निष्कारण वादात सापडते.

मध्यरात्री वारंवार वाजणाऱ्या सूचनांना कंटाळून लोक त्या बंदच करून टाकतात. आमच्याकडचा गुन्हेगार पाल निघाली. कॅमेऱ्याच्या दिव्याभोवती किडे जमतात आणि ती त्यांच्या मागे थेट भिंगावर येते. कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद करून चार-पाच फुटांवर वेगळा दिवा लावला, 'फक्त माणूस ओळखा' हा पर्याय निवडला आणि कोपऱ्यातली जळमटे काढली. आता रात्री वाजलेला फोन मी उचलून पाहतो.