आपल्या पेठेतल्या केबल चॅनेलचा इतिहास कसा जमवायचा

सुरुवात कॅसेटींपासून करा. माणसांना उद्याही भेटता येईल, कागद कचेरीत पडून राहतील, पण व्हीएचएसची फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी मरते. जून लागला की कोल्हापुरात भिंती ओल धरतात आणि माळ्यावरच्या कॅसेटींच्या रिळांवर पांढरी बुरशी चढते.

नव्वदच्या दशकात मी इथल्या एका केबल चॅनेलसाठी कॅमेरा धरायचो. लग्नसराईत लग्नं, एरवी बातम्या: महापालिकेची सभा, खासबागेतली कुस्ती, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल, अनंत चतुर्दशीची मिरवणूक. स्थानिक चॅनेल उभं करायला तेव्हा फार काही लागत नव्हतं. कंट्रोल रूममधला एक मॉड्युलेटर, म्हणजे चित्र केबलच्या चॅनेलवर चढवणारं यंत्र, मोकळ्या चॅनेलवर लावायचा, त्याला व्हीसीआर जोडायचा, की संध्याकाळी पेठभर आपल्याच गल्लीतल्या बातम्या दिसायच्या. दुसऱ्या भागातल्या कंट्रोल रूमला तीच कॅसेट स्कूटरवरून जायची. आणि कोरी कॅसेट महाग, म्हणून जुनी पुसून तिच्यावरच पुढची बातमी घ्यायची. हीच सगळीकडची रीत होती.

त्यामुळे चॅनेलच्या ऑफिसात शोधून फारसं हाती लागत नाही. जे उरलंय ते लोकांच्या घरात. अंतिम सामना जिंकलेल्या संघाने प्रत मागून घेतलेली असते; तालमीच्या ट्रंकेत ढालींखाली ती सापडते. ज्याच्या दुकानाचं उद्घाटन दाखवलं होतं त्याच्या कपाटात असते. लग्नाच्या कॅसेटी शेवटपर्यंत बघा. वरात संपल्यावर फीत उरलेली असते आणि तिच्यावर कधी कधी पूर्वीची, न पुसलेली बातमी दिसते.

कॅसेट हाती आली की लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. खिडकीतून रीळ उजेडात बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती वेगळ्या पिशवीत बंद करा आणि साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. बुरशीची एक कॅसेट चालवली की व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागलेली घाण पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. फीत स्वच्छ असेल तर कडेची प्लॅस्टिकची टिकली आधी तोडा, म्हणजे चुकून तिच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे, पुन्हा मागे गुंडाळून घ्या आणि नंतरच चालवा. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणाऱ्या कॅप्चर कार्डच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ निवडलंय ना, हे तपासा. आपल्याकडची पद्धत ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रांची. अमेरिकी सेटिंगवर चित्र उड्या मारतं किंवा रंग जातात. २००० नंतरच्या मिनी डीव्ही कॅसेटी असतील तर जुना कॅमेरा आणि तो कॉम्प्युटरला जोडणारी फायरवायर केबल शोधा. तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. ती द्या, काटकसर करू नका. व्हॉट्सअ‍ॅपसाठी छोटी प्रत वेगळी काढा, मूळ फाइलला हात लावू नका. दोन डिस्क दोन घरांत ठेवा आणि त्यातलं एक घर पंचगंगेच्या पूररेषेबाहेरचं असू द्या. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावाला याचं कारण सांगायला नको.

माझा एवढा आग्रह का, तेही सांगतो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट याच गावात झाले, १९२९ साली प्रभातही इथेच सुरू झाली. त्या मूकपटांतले बहुतेक आज बघायला मिळत नाहीत. ज्या गावाने एकदा एवढं गमावलंय त्याने दुसऱ्यांदा गमावू नये, असं मला मनापासून वाटतं. केबलवरची फुटबॉलची मॅच ही कला नसेल, पण त्या काळचे चेहरे, दुकानांच्या पाट्या, बोलण्याची ढब हे सगळं तिच्यात आहे.

कॅसेटीवर तारीख बहुतेक वेळा नसतेच. मग चित्रात शोधा. खालून सरकणाऱ्या जाहिरातीच्या पट्टीत दुकानाचा फोन नंबर असतो. तो सहा आकडी आहे की पुढे २ लागून सात आकडी झालाय? हा बदल २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. थिएटरवरचं पोस्टर, व्यासपीठावर बसलेले महापौर, रंकाळ्याकाठचं बांधकाम यांवरून वर्ष आणखी जवळ येतं. लेबलवर जे लिहिलंय ते चुकीसकट जसंच्या तसं उतरवा.

आता कागद. केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५चा, आणि त्याखाली ऑपरेटरची नोंदणी जानेवारी २०२५ पर्यंत मुख्य पोस्ट ऑफिसात व्हायची. चालकाचं नाव आणि नोंदणीचं वर्ष तिथे मिळू शकतं. दुसरी जागा म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखा; १ जुलै २०१७ला जीएसटी येईपर्यंत जोडण्यांवरचा कर तिथे भरला जायचा. दोन्हीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. राज्याच्या कार्यालयाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पोस्टाला १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. राज्याच्या अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. वर्षं आणि नोंदवहीचा प्रकार नेमका सांगा. उत्तराची मुदत ३० दिवस. जोडण्यांचा आकडा मात्र कराच्या कागदावरून जसाच्या तसा उचलू नका, वसुली करणाऱ्याला विचारून ताडून बघा.

कागद कुठवर पुरतो हे मला अमेरिकेच्या उदाहरणावरून नीट उमगलं. माझी पुतणी तिकडे माध्यमांचा अभ्यास करते. तिने एका छोट्या शहरातल्या लघुशक्ती, म्हणजे कमी ताकदीच्या मनोऱ्यावरून दिसणाऱ्या, स्पॅनिश वाहिनीचा इतिहास लिहायला घेतला आणि मला तिचे कागद दाखवले. तिथल्या दूरसंचार आयोगाने, एफसीसीने, १९८२ साली लघुशक्ती वाहिन्यांना परवानगी दिली. आज अशा वाहिनीला यूएचएफ या लहरींच्या पट्ट्यावर जास्तीत जास्त १५ किलोवॅट शक्ती मिळते, मोठ्या केंद्रांना १००० किलोवॅटपर्यंत. स्पॅनिश प्रेक्षकांसाठी सॅन अँटोनिओत केसीओआर हे पूर्ण शक्तीचं केंद्र १९५५ सालीच निघालं होतं. पण लहान गावांत युनिव्हिजन किंवा टेलेमुंडो हे मोठे स्पॅनिश चॅनेल अनेकदा अशा छोट्या मनोऱ्यांवरूनच पोचले. या वाहिन्यांचं नाव वाचायला शिकलं की अर्धं काम होतं. नावाचं पहिलं अक्षर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला बहुधा के, पूर्वेला डब्ल्यू. शेवटी एलपी असेल तर जुनं अ‍ॅनालॉग, एलडी असेल तर डिजिटल. या लघुशक्ती वाहिन्यांना अ‍ॅनालॉग बंद करण्याची शेवटची तारीख १३ जुलै २०२१ होती. मालक कधी बदलला, मनोरा किती उंच, हे सगळं एफसीसीच्या नोंदींत घरबसल्या सापडतं. पण संध्याकाळी बातम्या कोण वाचत होतं, कुठल्या किराणा दुकानाची जाहिरात लागायची, हे त्या परवान्यात एका ओळीनेही नाही. त्यासाठी तिलाही शेवटी लोकांच्या घरीच जावं लागलं.

आपल्याकडेही तसंच. मुलाखतीला जाताना मालकाच्या आधी वायर ओढणारी पोरं गाठा. आता ती पन्नाशीची झालीत. वसुलीला फिरणाऱ्याकडे वही असते. पट्टी टाइप करणाऱ्याला जाहिरातीचे दर तोंडपाठ असतात. बातम्या वाचणाऱ्या ताईंना आवर्जून भेटा, त्यांची नावं चॅनेलच्या कुठल्याच कागदावर नसतात. ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणालात तर भाषण मिळेल. ‘मामा, पहिली वायर कुठनं कुठं ओढली?’ असं विचारा. साल आठवत नसेल तर ‘महापुराच्या आधी का नंतर?’ म्हणा, उत्तर लगेच येतं. शक्य असेल तर लॅपटॉपवर त्यांचीच जुनी क्लिप लावून मग बोलायला बसा.

हद्दीवरून ऑपरेटरांची भांडणं झाली, वायरी तुटल्या, हे प्रत्येकजण सांगेल. दोन्ही बाजू टिपून ठेवा, पण दोघांच्या तोंडून तीच गोष्ट आल्याशिवाय छापू नका. तशी आली तरी नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारा.

वर्तमानपत्रांसाठी १८५० सालापासूनच्या करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात चौकशी करा. कुठल्या वर्षांच्या फायली बघायला मिळतील ते आधी विचारून जा. बातम्यांच्या पानांपेक्षा दिवाळीच्या शुभेच्छांच्या जाहिराती बघा. नव्या चॅनेलची पहिली खूण बहुधा तिथेच सापडते.

फाइल तयार झाली की पहिली प्रत पेन ड्राइव्हवर कॅसेट देणाऱ्याच्या घरी न्या आणि टीव्हीवर लावून दाखवा. शेजारपाजारचे जमतात, चेहरे ओळखतात. कुठल्या मिनिटाला कोण दिसतं ते तिथेच लिहून घ्या, आणि निघण्याआधी विचारा की अशी कॅसेट आणखी कुणाकडे असेल.