शवपेटी घरी बनवावी की विकत घ्यावी?

घरी शवपेटी बनवायचे मनात आले, की चर्चा लगेच लाकडावर येते. पण पहिला प्रश्न वेळेचा असतो. मृत्यू होऊन गेला आहे, दफन दोन-तीन दिवसांवर आले आहे आणि घरात करवत-रंध्याला सरावलेले कोणी नाही, अशा वेळी पेटी विकतच घ्यावी. शोकात असलेल्या माणसाने घाईघाईने ठोकलेली पेटी ऐन वेळी दगा देण्याचीच शक्यता जास्त. घरच्या पेटीची खरी वेळ माणूस हयात असतानाची असते. स्वतःसाठी किंवा स्वतःहून तशी इच्छा सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ती सवडीने करता येते आणि गरज पडेपर्यंत आत फळ्या टाकून पुस्तकांचे कपाट म्हणून खुशाल वापरताही येते. ओल आणि वाळवी यांपासून मात्र तिला जपावे लागते.

लाकूड आणण्याआधी दफनभूमी किंवा शवदाहिनी, यांपैकी जे ठरले असेल तेथील नियम लेखी मागून घ्यावेत. काही दफनभूमी खड्ड्यात काँक्रीटचे आवरण सक्तीचे करतात, आणि पेटी मुठींसकट त्या आवरणात मावावी लागते. उलट, शरीर आणि पेटी मातीत विरून जावी अशा नैसर्गिक दफनाच्या जागी धातू, प्लास्टिक आणि रासायनिक पॉलिश बहुधा चालत नाही. दहन करायचे असल्यास जाड व्हार्निश, रबर आणि प्लास्टिक टाळावे. लोखंडी स्क्रू थोडेफार असले तर ते मागाहून राखेतून चुंबकाने काढले जातात. अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारी संस्था बाहेरची पेटी स्वीकारते का, हेही आधीच विचारावे. अमेरिकेत याबाबत स्पष्ट नियम आहे: तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा ‘फ्युनरल रूल’ १९८४ पासून लागू असून, ग्राहकाने अन्यत्र विकत घेतलेली किंवा घरी बनवलेली पेटी फ्युनरल होमला, म्हणजे अंत्यसंस्कार करून देणाऱ्या संस्थेला, नाकारता येत नाही, आणि तिच्यासाठी वेगळे हाताळणी शुल्कही आकारता येत नाही.

माप उभ्या माणसाचे न घेता आडव्या माणसाचे घ्यावे. पावले सैल पडली की लांबी वाढते, म्हणून उंचीत आठ-दहा सेंटीमीटर मिळवावेत. रुंदी खांद्यांवर मोजण्याची चूक सर्रास होते. हात पोटावर जुळवले की सर्वांत रुंद भाग कोपरांचा असतो, तेव्हा माप तेथेच घ्यावे. मध्यम बांध्यासाठी आतून २०० सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि ४० खोल अशी पेटी पुरते. खांद्याशी रुंद आणि पायांशी निमुळती होणारी षट्कोनी पेटी दिसते सुरेख, पण तिच्या बाजूच्या फळीला आतून करवतीच्या उथळ खाचा पाडून खांद्याशी ती वाकवावी लागते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, सरळ आयताकृती पेटीच करावी.

लाकूड पाइनचे, १८ मिलीमीटर जाडीचे घ्यावे. वरील मापाची रिकामी पेटी साधारण ४० किलो भरते. ओकसारखे जड लाकूड घेतले तर हेच वजन ६० किलोच्या आसपास जाते. ७० किलोची व्यक्ती आत असेल, तर पाइनच्या पेटीत सहा खांदेकऱ्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला १८ किलोंहून थोडे अधिक येते. भुशाचे दाबीव बोर्ड स्वस्त मिळतात, पण ते जड असतात, त्यांच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही आणि ओल लागली की ते फुगतात. माझ्या मते त्यांचा विचारच करू नये.

सारी कसोटी तळाची आणि मुठींची आहे. तळाची फळी खालून नुसती खिळ्यांनी ठोकू नये, कारण मग सगळा भार खिळ्यांच्या टोकांवर लटकतो. बाजूंच्या फळ्यांना आतून, खालच्या कडेलगत, लाकडी पट्ट्या गोंद आणि स्क्रूने बसवाव्यात आणि तळ त्यांच्यावर टेकवावा. तळाखाली चार आडव्या पट्ट्या माराव्यात. त्यांनी तळाला बळकटी येते आणि खड्ड्यात उतरवताना वापरलेले पट्टे ओढून काढायला फटही मिळते. मुठींसाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पेटीखालून आरपार जाणारा जाड सुती दोर: दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला भोके पाडून त्यांतून तो काढला, की भार लाकडाऐवजी दोरावर येतो. धातूच्या मुठी हव्या असल्यास त्या आरपार नट-बोल्टने आणि आतून रुंद वायसर लावूनच बसवाव्यात. मग त्या व्यक्तीच्या वजनाच्या दीडपट वाळूची पोती आत ठेवून, सहा जणांनी पेटी उचलून काही पावले चालावे. तळ कुरकुरला किंवा दोराची गाठ सरकली, तर ते या चाचणीत अंगणातच कळलेले बरे.

आतून सांध्यांवर मेण ओतावे, तळाशी लाकडाच्या भुशाचा चार बोटे थर पसरावा आणि वर मांजरपाटाचे अस्तर लावावे. शरीरातून स्राव झाला तर भुसा तो शोषून घेतो. बाहेरून जवसाच्या तेलाचा हात पुरेसा होतो.

विकत घेताना पेटीची किंमत आणि सेवेचे शुल्क वेगवेगळे लिहून मागावे, आणि दालनात पेट्या पाहण्याआधी दरपत्रक पाहावे. महागड्या पेट्या आधी दिसल्या की साधी पेटी उगीचच हलकी वाटू लागते. रबरी पट्टी लावून हवाबंद केलेल्या पेटीसाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण त्या पट्टीमुळे शरीर टिकत नाही.

घरच्या पेटीचे झाकण बिजागरीने न जोडता वरून आठ स्क्रूंनी बसवावे, त्यांची भोके आधीच पाडून ठेवावीत, आणि ते आठ स्क्रू व त्यांना नेमका बसणारा पेचकस कापडी पिशवीत घालून पेटीतच बांधून ठेवावा, कारण त्या दिवशी घरात कोणालाही पेचकस सापडत नाही.