मोडलेल्या शब्दाचे भय: कोकणी लोकसमजुतींवर रोल-प्लेइंग खेळ कसा चालवावा

भयाचा रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे खेळाडूंनी एकेक पात्र होऊन बोलत बोलत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, कोकणातल्या भुताखेतांवर बेतायचा म्हटले, की बहुतेक गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, आधी मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा, ब्रह्मसमंध अशी यादी करतात आणि मग प्रत्येकाच्या नावापुढे ताकदीचे व हल्ल्याचे आकडे मांडतात. भय तिथेच ओसरते, कारण ज्याचे आकडे ठरले त्याच्याशी लढता येते, आणि आपल्या गोष्टींत भुताशी सहसा कोणी लढत नाही. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी वारला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंत होते, मान चुकला की जागेची राखण करणारा अदृश्य राखणदार कोपतो, अशी समजूत आहे. प्रत्येक भुतामागे काहीतरी अपुरे राहिलेले किंवा मोडलेले असते, आणि खेळाची बांधणी तिथूनच सुरू करावी.

तयारीला बसताना एकच वाक्य आधी लिहून काढावे: कोणी, कोणाला, काय द्यायचे कबूल केले होते आणि ते कधी बंद पडले. उदाहरणार्थ, दक्षिण कोकणातले एक काल्पनिक गाव घ्यावे, काळ मोबाइल येण्यापूर्वीचा ठेवावा आणि शिमग्याला मुंबईहून आलेल्या चार चुलत भावंडांना वडिलोपार्जित जमीन विकण्याच्या कामाला लावावे. बागेच्या कोपऱ्यातल्या राखणदाराला दरवर्षी नारळ आणि कोंबडा देण्याचे पणजोबांनी कबूल केलेले असते, आजोबांनी ते पाळलेले असते आणि पुढच्या पिढीत घर बंद पडल्यावर ते थांबलेले असते. प्रत्येक खेळाडूला पात्र देताना दोन गोष्टी द्याव्यात. त्याला पैशाची निकड का आहे, हे सर्वांसमोर सांगावे. जुन्या कबुलीबद्दल त्याने लहानपणी काय ऐकले होते, हे मात्र चिठ्ठीवर गुपचूप द्यावे. या चार आठवणी एकमेकींशी पूर्णपणे जुळू नयेत, म्हणजे खेळाडूंना आपापसांत बोलावे लागेल आणि कोणी काय लपवले आहे याचा संशयही मुरत जाईल.

पुरावा म्हणून जुन्या पोथीपेक्षा सातबाऱ्याचा उतारा कितीतरी परिणामकारक ठरतो. खोटा उतारा आणि फेरफाराच्या दोन-तीन नोंदी घरीच तयार कराव्यात आणि खेळाडूंच्या हातात द्याव्यात. आजूबाजूची जमीन अनेकदा हस्तांतरित झाली, परंतु एक अरुंद पट्टी एकाही व्यवहारात आलेली नाही, हे त्यांनी स्वतः वाचून शोधले, तर तुम्हाला भुताचे वर्णन करण्याची घाई करावी लागत नाही.

रात्रीच्या प्रसंगांसाठी लोकसमजुतींतच तयार नियम सापडतात. अंधारात नावाने हाक आली तर लगेच ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावे, असे जुनी माणसे सांगतात. खेळाडूंना हा नियम एखाद्या म्हाताऱ्या काकूच्या तोंडून सुरुवातीलाच ऐकवावा आणि नंतर त्याचा उल्लेखही करू नये. पुढे खेळाडू बोलण्यात गुंतलेले असताना एखाद्याला पात्राच्या नावाने सहज हाक मारावी. त्याने तत्काळ ओ दिली, तर काहीही न बोलता एका कागदावर खूण करावी. त्या खुणेचा अर्थ काय, हे टेबलावर बराच वेळ कोणाला कळू देऊ नये.

चकव्यासाठीही फाशांची फारशी गरज नाही. वाटेचा नकाशा खेळाडूंनाच काढायला लावावा आणि ते पुढे जातील तसे त्यांना पुन्हा त्याच पाणंदीवर, त्याच गडग्यापाशी आणावे; मात्र दर खेपेला एकच तपशील बदलावा. चकवा लागला की एका जागी बसून उजाडण्याची वाट पाहावी, असा उपाय सांगतात. तो खेळात खरोखर लागू पडू द्यावा, पण त्याची किंमत वेळेत घ्यावी, कारण सकाळी खरेदीदार कागद घेऊन येणार असतो.

शेवटासाठी मी नेहमी गाऱ्हाण्याची शिफारस करतो. एका खेळाडूने उभे राहून राखणदारापुढे घराण्याचे गाऱ्हाणे घालावे, काय चुकले, आता काय देऊ, हे आपल्या शब्दांत सांगावे आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणावे. ज्या वाक्याला एखाद्याची संमती नसेल तिथे त्याने गप्प राहावे. त्या शांततेत सगळी लपवाछपवी उघडी पडते. प्रत्येक गप्प राहिलेल्या आवाजामागे एक फासा टाकावा आणि एक आला तर राखणदाराने ते गाऱ्हाणे नाकारले असे समजावे. या खेळात फाशांचा याहून मोठा उपयोग करण्याची गरज मला वाटत नाही. साधा सहा बाजूंचा फासा पुरतो.

काही मर्यादा पाळायलाच हव्यात. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा भक्तांच्या दृष्टीने गावाचा रक्षक आहे आणि त्याला मोठमोठ्या चपला वाहिल्या जातात; अशा जागत्या दैवताला खलनायक करू नये, काल्पनिक नाव वापरावे. अंगात येण्याची नक्कल हसण्यासाठी करू नये. चेटकीण म्हणून गावातल्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवणारे कथानक तर टाळावेच, कारण असा आळ खऱ्या बायकांच्या जिवावर उठला आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याला अशा घटनांची पार्श्वभूमी आहे. कथेला चेटकिणीची गरज असेलच, तर आळ घेणारे गावकरी हेच संकट म्हणून दाखवावे.

बाळंतपणातला मृत्यू, बुडणे, लहान मुलाचे मरण या गोष्टी या समजुतींच्या मुळाशीच असल्यामुळे कोणता विषय नको, हे खेळाआधी प्रत्येकाला खाजगीत विचारावे. टेबलाच्या मध्यभागी एक कोरे कार्ड ठेवावे. कोणीही त्याला हात लावला की कारण न विचारता प्रसंग तिथेच थांबवून पुढे जावे. चार खेळाडू आणि साधारण चार तास हे प्रमाण चांगले जमते. त्याहून जास्त माणसे असली तर गाऱ्हाण्याच्या वेळी कोण गप्प राहिले हे ऐकू येत नाही.