नाटकाच्या पोस्टरचा मजकूर जुन्या फॉन्टातून छापखान्यापर्यंत धड कसा न्यावा

भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की देसाईगंजात, म्हणजे आमच्या वडशात, पोस्टरच्या कामाला रात्र पुरत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, कितीतरी नाटक कंपन्यांचं बिऱ्हाड इथंच आहे. प्रत्येक गावच्या मंडळाला आपलं वेगळं हँडबिल हवं असतं: नाटकाचं नाव, कलावंतांची यादी, तारीख, तिकिटाचे दर. दोन कॉम्प्युटरच्या माझ्या स्टुडिओत डिझाइन दोन तासांत होतं. रात्र जाते ती मजकुरात, कारण तो आजही बहुतेक वेळा कृतिदेव नाहीतर श्री-लिपी अशा जुन्या फॉन्टांत टाइप होऊन येतो.

यावर सल्ले पुष्कळ मिळतात. "फॉन्ट बदल, झालं", "कन्व्हर्टरवर (एका फॉन्टातून दुसऱ्यात नेणाऱ्या प्रोग्रामवर) टाक, झालं", "कर्व्ह कर (अक्षरांची चित्रं कर), कटकट मिटली." तिन्ही अर्धवट आहेत आणि तिन्हींचे पैसे मी भरलेत.

१. फॉन्टचं नाव विचारा

मजकूर हातात आला की टाइप करणाऱ्याला फोन करून फॉन्टचं नेमकं नाव घ्या. हे फॉन्ट बनले तेव्हा संगणकाला इंग्रजी अक्षरांपलीकडे फारसं कळत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले. कृतिदेवमध्ये तुम्ही 'भारत' लिहिता, तेव्हा फाइलमध्ये साठतं ते 'एच के के जे आर'. संगणकाच्या दृष्टीनं ते इंग्रजीच. युनिकोड ही आजची पद्धत, तिच्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. त्यामुळे त्यावर युनिकोडचा फॉन्ट लावला की पडद्यावर इंग्रजी कचरा दिसतो. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. श्री-लिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर काहीही बाहेर येतं.

फॉन्टचं नाव कळतच नसेल तर त्या फाइलचा नाद सोडा. हस्तलिखित पानाचा फोटो मागवा आणि स्वतः युनिकोडमध्ये टाइप करा. एका पानाला अर्धा तास लागतो. अंदाज बांधत बसलात तर अख्खी संध्याकाळ जाते.

२. युनिकोडमध्ये आणा आणि अक्षर न् अक्षर तपासा

कन्व्हर्टर त्या फॉन्टचाच घ्या, पण कुठल्याही कन्व्हर्टरवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. फरक पडतो तो नंतरच्या तपासणीनं.

आधी मजकुरातले ईमेल, इंग्रजी शब्द आणि फोन नंबर कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. कन्व्हर्टर इंग्रजी अक्षरालाही देवनागरीचा तुकडाच समजतो आणि ईमेलचं कडबोळं करतो.

आता गोम कुठे आहे ते समजून घ्या. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं: वेलांटी नंतर, रफाराचा र आधी. म्हणजे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, उचलून दुसरीकडे ठेवावी लागतात. साध्या शब्दात जमतं. वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले, किंवा वेलांटी जोडाक्षरावर आली, की घसरण्याची शक्यता वाढते. आणि आपल्या पोस्टरवर तर 'निर्मिती' पहिल्याच ओळीत असते! 'निर्मिती', 'आर्थिक', 'स्थिती' असे शब्द बोट ठेवून बघा.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते ऱ नं. मराठीत र अर्धा होतो तो दोन तऱ्हांनी. 'सूर्य', 'कार्य', 'पर्यंत' यांत तो रफार होऊन डोक्यावर चढतो. 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'तिसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांत तो आडवा राहतो. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज नाही, म्हणून हिंदीपुरते बनलेले कन्व्हर्टर त्याला ओळखत नाहीत आणि 'वर्हाड' करून ठेवतात.

माझ्या दुसऱ्याच हंगामात दोन हजार हँडबिलं नागपूरहून छापून आली. मुख्य भूमिका करणाऱ्या कलावंताच्या आडनावात ऱ्ह होता आणि तो प्रत्येक प्रतीवर रफार होऊन चढला होता. मी मजकूर तीनदा वाचला होता. पण नाव ओळखीचं असलं की डोळा आपोआप दुरुस्त करून वाचतो. कलावंत स्वतः दुकानात आले. रागावले नाहीत. "भाऊ, गावोगावी माझं नाव असंच लागलं जी," एवढंच म्हणाले. प्रती मी माझ्या खर्चानं पुन्हा छापल्या, पण निम्मी हँडबिलं तोवर वाटून झाली होती. झाडीपट्टीत माणूस कलावंताचं नाव वाचून तिकीट काढतो. नाव चुकवणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी असं करतो. मजकुरात 'र्ह' आणि 'र्य' शोधतो आणि सापडलेलं प्रत्येक ठिकाण एकेक करून बघतो. 'रिप्लेस ऑल' कधीही दाबू नका, नाहीतर 'वऱ्हाड' सुधारेल आणि 'सूर्य' बिघडेल. चुकलेल्या ठिकाणी मूळ ऱ च टाइप करा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी म्हणजे हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग यू म्हणजे ह.

हे शोधूनही एक चोरवाट उरते. काही लोक आडवा र साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना तो सापडतोच असं नाही. पण मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ते अदृश्य चिन्ह गळालं की 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. म्हणून मोबाइलवरून आलेला युनिकोड मजकूरसुद्धा आयता समजू नका. पानावर बसवल्यानंतर हीच तपासणी पुन्हा करा.

शेवटी मोठ्यानं वाचन. एकानं हातानं लिहिलेला मूळ कागद धरायचा आणि वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बोट फिरवायचं. नावं अक्षर फोडून वाचायची: "ब ला काना, ऱ ला ह." एकट्यानं वाचलेलं मी तपासलेलं धरतच नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी घरातल्या कुणाला तरी उठवतो.

३. सॉफ्टवेअरला मराठी येतं का बघा

'शक्ती, वऱ्हाड, निर्मिती, स्त्री' एवढी एक ओळ पेस्ट करून बघा. वेलांटी भलतीकडे गेली किंवा हलन्त सुटे दिसले तर त्या आवृत्तीत काम करू नका. कोरलड्रॉमध्ये हे एक्स-६ पासून, म्हणजे २०१२ पासून जमतं. त्याआधीची आवृत्ती घेऊन झटापट करण्यात अर्थ नाही. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, जुन्या फोटोशॉपात प्रेफरन्सेसमधून वर्ल्ड-रेडी लेआउट. पैसे नसतील तर इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी नीट जोडतं.

फॉन्टही फुकट आणि चांगले आहेत: 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता, किंवा टिरो देवनागरी मराठी. ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श आहेत तोच घ्या. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडली तरच ते वळण येतं.

४. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका

इंग्रजी शीर्षकं सुटी-सुटी करून छान दिसतात म्हणून मराठीतही तेच करणारे बघितले की जीव तुटतो. शिरोरेषा तुटली की शब्द तुटला. जागा भरायची असेल तर अक्षर मोठं करा.

५. कर्व्ह करा, पण प्रत ठेवून

छापखान्याकडे तुमचा फॉन्ट असेलच असं नाही, म्हणून जाणारी फाइल कर्व्ह केलेलीच हवी. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू. पण त्याआधी फाइल वेगळ्या नावानं सेव्ह करा. कर्व्ह केलं की मजकूर मजकूर राहत नाही, नुसती चित्रं उरतात. पुढच्या आठवड्यात तेच नाटक दुसऱ्या गावी लागतं, फक्त तारीख आणि गाव बदलतं, आणि मूळ प्रत नसेल तर सगळं परत टाइप.

अक्षरांना बाहेरून रंगीत कड द्यायची असेल तर इथं जपा. शिरोरेषेवर दोन अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. कड दिली की तो जोड प्रत्येक अक्षराशी दिसतो. त्यासाठी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार होतो. कम्बाइन करू नका, त्यानं जोडाच्या जागी पांढरी भोकं पडतात.

६. रंग आणि पानाची कड

बारीक काळा मजकूर फक्त के १०० मध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत, ठेवा. चार रंगांचा काळा केला आणि छपाईच्या प्लेटा केसभर हलल्या की अक्षराला सावली येते. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला रंग), पीडीएफ, झालं.

७. सही

प्लेट लागण्याआधी प्रूफची प्रिंट काढून मंडळाच्या माणसाची त्यावर सही घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या अंगठ्यावर भागवू नका, तो माणूस मोबाइलवर फोटो बघतो, मजकूर वाचत नाही. आणि कलावंतांची यादी मंडळाला नव्हे, नाटक कंपनीला वाचून दाखवा. नावं कशी लिहायची ते त्यांनाच ठाऊक असतं.