भेंडी-चवळी उगवतच नव्हती, कारण निघाली वाणी (मिलिपीड किडा)

सांदवाडीत (घरामागच्या परसबागेत) पहिल्या पावसावर भेंडी, चवळी टोबली. आठ दिवसांत जागोजागी खांडण्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा. उकरून पाहिलं तर बी पोखरलेलं, कोंब बुडाशी कुरतडलेला. दिवसा किडा कुठंच दिसेना.

आधी उंदीर समजलो. दोनदा बी टाकलं, राख टाकली, ती पावसानं वाहून गेली. कुटाराचं (मळणीनंतरच्या भुशाचं) आच्छादन केलं तर नुकसान वाढलं. महागाचं बियाणं मातीत जाताना पाहून जीव तुटत होता.

रात्री नऊला बॅटरी घेऊन गेलो, तेव्हा वाफाभर वाणी! हात लावला की वेटोळं करणारी, असंख्य पायांची. दिवसा ती ओल्या काडीकचऱ्याखाली दडते, म्हणून आच्छादन तिच्याच सोयीचं झालं होतं.

मग असं केलं. वाफ्यातलं कुटार आणि धुऱ्यावरचा (बांधावरचा) कुजका पालापाचोळा आधी उचलला. संध्याकाळी दर आठ-दहा पावलांवर ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवले. ऊन चढायच्या आत ढीग उचलून खालच्या वाणी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. हातमोजे घालाच, तिच्या अंगातल्या द्रवानं कातडी चुरचुरते. पहिल्या दिवशी अर्धी बादली भरली, सहाव्या दिवशी मोजून अकरा वाणी.

त्यानंतरच बी टाकलं, तेही रात्रभर भिजवून, ओल्या बारदान्यात मोड दिसेपर्यंत ठेवून, इंचभर खोल. बी मातीत जितके कमी दिवस, तितका धोका कमी. रोपं चार पानांवर येईपर्यंत ढीग चालू ठेवले. खांडण्या भरल्या.