सूचिछिद्र कॅमेऱ्यातील स्पष्टता: छिद्र किती बारीक ठेवावे?

सूचिछिद्र कॅमेरा म्हणजे भिंगाऐवजी बारीक छिद्रातून प्रकाश आत घेणारा बंद डबा. त्याचे छिद्र जितके बारीक तितके चित्र स्पष्ट, हा समज अर्धाच खरा आहे. एका मर्यादेनंतर प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे छिद्राच्या कडेशी वळून पसरणे, वाढते आणि चित्र पुन्हा धूसर होते. छिद्र आणि फोटोपेपर (चित्र उमटणारा प्रकाशसंवेदी कागद) यांत 100 मिलिमीटर अंतर असल्यास सुमारे 0.4 मिलिमीटर व्यासाचे छिद्र योग्य ठरते.

शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून घ्यावा, शिवणाच्या सुईच्या टोकाने हलकेच दाबावा, मागे आलेला उंचवटा बारीक पॉलिशपेपरने घासावा आणि सुई पुन्हा अलगद फिरवावी. कडेला राहिलेली केसाएवढी कूसही चित्र बिघडवते, म्हणून छिद्र भिंगाखाली तपासावेच. पत्र्याची कॅमेऱ्याच्या आत येणारी बाजू काळी करायला विसरू नये.

गोव्यातील मंगेशी मंदिराच्या दीपस्तंभाचे मजले स्वच्छ उमटावेत असे वाटत असेल, तर हेच माप पाळावे आणि कॅमेऱ्याचा डबा दगडावर घट्ट टेकवावा, कारण कडक उन्हातही फोटोपेपरला मिनिटभर प्रकाश लागतो. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर मात्र मी मुद्दाम 0.6 मिलिमीटरचे छिद्र वापरतो: लाटांचे धुके होते, माडांच्या कडा विरघळतात, आणि पावसाळ्याआधीची ती दमट हवा मला त्या मऊपणातच खरी दिसते.